भोंग्याचे हेडफोन

ज्या माणसाने बस स्थानकावर एकतीस वर्षं "फलाट क्रमांक चारवरची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे" एवढंच जगाला सांगितलं, त्याला लोकांनी नावाने ओळखावं अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. सगळं स्थानक त्याला भोंगा म्हणायचं. तोंडावर म्हणायचं, आणि त्याला ते आवडायचंही. घरात हा शब्द फक्त बायको काढायची, तोही तो जिन्यात उभा राहून शेजाऱ्याशी बोलायला लागला की. "अहो, भोंगा बंद करा. ते समोरच उभे आहेत," असं ती आतून ओरडायची.

निवृत्तीनंतरचे पहिले तीन महिने भोंगा फार शहाण्यासारखा वागला. त्याने कपाटं आवरली, गळका नळ दुरुस्त केला. बायको शिंप्याच्या दुकानातून काजं-बटणं करायला कपडे घरी आणायची, त्यांच्या घड्या घालून दिल्या. चौथ्या महिन्यात त्याच्या लक्षात आलं, की आपण दिवसभरात जेमतेम शंभर-दीडशे शब्द बोलतो आणि त्यातले निम्मे चष्मा कुठे आहे हे विचारण्यात जातात. ज्या आवाजावर माणसं सामान उचलून धावायची, त्या आवाजाला आता कुणी विचारत नव्हतं. त्याला मनापासून वाईट वाटलं. त्याने ते बायकोला सांगितलंही. ती म्हणाली, "मग मोठ्याने पेपर वाचा. पण दार लावून."

त्या वाचनातूनच ती जाहिरात सापडली. अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका ग्रंथालयाला वाचक हवे होते. भोंगा दुसऱ्याच दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तिथे हजर झाला. ग्रंथालयाने त्याचा आवाज ऐकला, एक जुना लॅपटॉप आणि मायक्रोफोन हवाली केला आणि पुस्तक दिलं ते शरीरशास्त्राचं. मालिश-उपचार शिकणाऱ्या अंध मुलामुलींचं ते पाठ्यपुस्तक होतं. अट एकच. आधी पहिल्या प्रकरणाचा नमुना पाठवायचा. तीन संधी. तिसरा नमुनाही नापास झाला, तर पुस्तक दुसऱ्या वाचकाकडे जाणार, कारण मुलांची परीक्षा कुणासाठी थांबत नाही.

आतल्या खोलीत कपाटाची दोन्ही दारं उघडून त्यावर रजया टाकल्या आणि भोंग्याचा स्टुडिओ तयार झाला. काम सोपं वाटलं तरी त्यात एक गोम होती. वाचताना चूक झाली की मागे जायचं, मायक्रोफोन चालू ठेवूनच आधीचं वाक्य हेडफोनवर ऐकायचं आणि ते जिथे संपतं तिथून त्याच सुरात पुढचं वाचायला लागायचं. ग्रंथालयात याला सांधा घेणं म्हणत. हाडांची नावं उच्चारताना भोंग्याची जीभ अशी काही वळायची, की पानागणिक दोन-तीन सांधे ठरलेले.

पहिला नमुना आठवड्यात परत आला. तपासनीस बाईंचा फोन आला. बाई स्वतः अंध होत्या आणि ग्रंथालयातून बाहेर पडणारं प्रत्येक मिनिट त्यांच्या कानाखालून जायचं.

"काका, आवाज छान आहे तुमचा. पण तुमच्या मागे कुणीतरी बसलंय."

"मागे कपाट आहे हो."

"मग कपाट बोलतंय. प्रत्येक सांध्याला ते तुमच्या आधी बोलतं. बारीक आवाजात, पण तुमचेच शब्द."

भोंग्याने घर धुंडाळलं. त्याने फ्रीजची वायर काढली, भिंतीवरचं घड्याळ बंद केलं, वरच्या मजल्यावर जाऊन टीव्ही हळू लावा म्हणून विनवणी केली. फ्रीजमधलं दूध नासलं. घड्याळ बंद असल्यामुळे बायकोचे तयार कपडे दुकान बंद झाल्यावर तिथे पोचले आणि शिंप्याने तिला ऐकवलं. एवढं करून दुसरा नमुना गेला आणि तोही परत आला.

"काका, तो माणूस अजून तिथेच आहे," तपासनीस बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "कानाला काय लावता तुम्ही?"

भोंग्याने मोठ्या अभिमानाने वर्णन केलं. निरोप समारंभात सहकाऱ्यांनी दिलेले भारी हेडफोन. बाहेरच्या बाजूला काळी जाळी. इतके मोकळे, की कानावर काही आहे असं वाटतच नाही.

"जाळी? मग तुमचं भूत तिथेच राहतं," बाई हसल्या. "आतला आवाज जाळीतून बाहेर येतो आणि मायक्रोफोनमध्ये शिरतो. मागून बंद असलेले घ्या, काका. आणि आवाजही जरा कमी ठेवा. एका कानाने कमी ऐकू येतं ना तुम्हाला?"

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याने फोन ठेवला आणि खुर्चीत बसला. कानापेक्षा त्याला जाळीचं जास्त लागलं. ते हेडफोन निवडायला स्थानकावरचे सात जण एकत्र गेले होते. चार चालक, दोन वाहक आणि एक नियंत्रक. सातही जणांनी दुकानात एकेक जोडी कानाला लावून पाहिली होती. ज्यातून बाहेरचं काही ऐकू येईना, ती त्यांनी एकमताने बाद केली होती, कारण मागून हॉर्न वाजला आणि ऐकू आला नाही, तर माणूस गाडीखाली जातो. जन्मभर आवारात वावरलेल्या माणसांनी दुसरं काय निवडावं? मित्राच्या जिवाची काळजी म्हणून त्यांनी जाळीचे घेतले. त्यात चुकीचं काय होतं?

"चुकीचं काही नाही," बायको बटणाचा दोरा दाताने तोडत म्हणाली. "पण कपाटाजवळ बस येत नाही ना. चला, उद्या दुसरे बघू. नाही जमलं तर नाही. मी तुम्हाला काजं करायला शिकवीन."

तिने हे इतक्या सहज म्हटलं, की हिला याचं काहीच सोयरसुतक नाही असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोघं बाजाराच्या मागच्या गल्लीत गेले. दुकान एका मध्यमवयीन बाईंचं होतं. त्यांना सर्दी झाली होती आणि खोटं बोलायचा कंटाळा होता, त्यामुळे खरेदी सरळ झाली. भोंग्याने आपलं सांध्याचं काम आणि आपली रक्कम आधीच सांगून टाकली. दुकानदारबाईंनी ती ऐकून नाक पुसलं आणि काउंटरवर तीन जोड्या मांडल्या.

"लोक हीच जोडी सगळ्यात जास्त नेतात," त्यांनी पहिली पुढे केली.

भोंग्याने मोबाईलवर स्वतःचंच वाचन आणलं होतं. ते लावलं. आतून त्याचा आवाज असा घुमत आला, की रिकाम्या टाकीत तोंड घालून कुणी शरीरशास्त्र सांगतंय. 'मणका' म्हटलं की कानात धाडकन दणका बसायचा. त्याने घाईने ती काढली.

दुसरी बिनतारी होती आणि बाहेरचा आवाज गिळून टाकणारी. दिसायला देखणी, पण त्याच्या रकमेच्या पुढची. "शिवाय हिच्यात आवाज जरा उशिरा पोचतो," दुकानदारबाई म्हणाल्या. "गाणी ऐकायला चालतं. तुमचं ते सांध्याचं काम बिघडेल." आपला महागडा माल स्वतःच बाजूला सारणारा दुकानदार भोंग्याने पहिल्यांदाच पाहिला. त्याने मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला.

तिसरी जोडी काळी, जाडजूड, कसलीही झळाळी नसलेली. वायर टेलिफोनसारखी गुंडाळलेली. दुकानदारबाई म्हणाल्या, "हिचा आवाज सपाट आहे. लोकांना आवडत नाही."

भोंग्याने ती लावली. टाकी नाही, दणका नाही. आवाज जसा होता तसा. एकतीस वर्षं त्याने स्वतःचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत आलेलाच ऐकला होता. एवढ्या जवळून तो ऐकताना त्याला जरा संकोचच वाटला. घशातली खरखर, श्वास, 'स'चा शीळ घालणारा उच्चार, सगळं तिथेच होतं.

"हीच," तो म्हणाला. कान झाकलेले असल्यामुळे तो हे स्थानकाच्या पट्टीत म्हणाला आणि शेजारच्या दुकानातले दोघं डोकावून गेले.

"थांबा," बायको म्हणाली. "आतून कसं वाजतं ते तुम्ही बघितलंत. पण तक्रार बाहेरची आहे ना?"

तिने त्याला स्टुलावर बसवलं, मायक्रोफोन जिथे असतो तेवढ्या अंतरावर स्वतःचा कान आणला आणि रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. दुकानदारबाईंनी पंखा बंद केला. भर बाजारात एक बाई नवऱ्याच्या तोंडासमोर कान धरून उभी होती आणि नवरा तोंड मिटून होता.

"येतंय," ती म्हणाली. "बारीक येतंय. खांद्याचं काहीतरी चाललंय."

भोंग्याचा चेहरा पडला. बायकोने मात्र त्याच्या डोक्याभोवती फिरून पाहिलं, कानाजवळ वाकली आणि त्याचा चष्मा काढून घेतला. "आता लावा."

आता काहीच येईना. चष्म्याची जाड काडी कानाशी गादी उचलून धरत होती आणि त्या फटीतून भूत बाहेर पडत होतं. जाडजूड काड्यांचा तो चष्मा भोंग्याला भारदस्त वाटायचा म्हणून त्याने हट्टाने घेतला होता. आता तो हट्ट महागात पडणार अशी चिन्हं होती.

"घरी जुना तारेच्या काडीचा पडलाय, तो लावून वाचा," बायकोने निकाल दिला. मग तिने हेडफोनची गादी बोटाने चाचपली, कडेने उलटी करून शिवण पाहिली, ओढून पाहिली. "ही शिवलेली आहे. त्या पहिलीची नुसती चिकटवलेली होती. ही निघते का हो?"

"निघते. सुटी गादी मिळते," दुकानदारबाई म्हणाल्या.

"मिळाली नाही तरी मी शिवीन," बायको म्हणाली, आणि खरेदी झाली.

तिसऱ्या नमुन्याच्या दिवशी भोंग्याने एक व्यवस्था केली. मागून बंद हेडफोन लावल्यावर त्याला बाहेरचं काही ऐकू येणार नव्हतं, म्हणून बायकोने समोर बसायचं आणि कणभर आवाज बाहेर आला तरी हात वर करायचा. ती मांडीवर शर्ट घेऊन बसली. एका डोळ्याने पुस्तक आणि एका डोळ्याने तिचा हात बघत त्याने वाचायला सुरुवात केली. आवाज आपोआप खाली आला होता, कारण ऐकणारा आता फलाटाच्या टोकाला नव्हता, कानातच होता. अकरा सांधे झाले. हात वर आला नाही. तिची मान खाली, सुई चालू, चेहऱ्यावर काही नाही. शेवटचं वाक्य संपलं. नियमाप्रमाणे पाच सेकंद शांतता ठेवून त्याने बटण दाबलं.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"मग उठा. आमटी... नाही, आधी त्या रजया काढा. घाम आलाय तुम्हाला."

पुढचे चार दिवस त्याचा जीव टांगणीला लागला होता. त्याला त्या पुस्तकाची खरंच ओढ लागली होती. न पाहिलेली मुलं त्याचा आवाज ऐकत स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवून हाड शोधतील, हे त्याला दिवसातून दहा वेळा दिसायचं. बायको मात्र शांतपणे बटणं लावत होती. हिला काहीच कसं वाटत नाही, म्हणून तो मनातून जरा रुसलाही होता.

पाचव्या दिवशी तपासनीस बाईंचा फोन आला. भोंगा उभा राहिला.

"काका, तुमच्या मागचा माणूस गेला."

"गेला?" त्याचा आवाज असा चढला, की बाईंनी बहुधा फोन कानापासून लांब धरला असावा.

"गेला. पुस्तक तुमचं. उद्यापासून दुसरं प्रकरण सुरू करा. फक्त एक गोष्ट. अगदी शेवटी, त्या पाच सेकंदांत, समोर कुणीतरी श्वास सोडला. खूप वेळ रोखून धरला असेल तर सुटतो ना, तसा. माझ्या अंदाजाने शेवटचं अख्खं पान रोखला होता. काकू होत्या का?"

भोंग्याने बायकोकडे पाहिलं. ती सुईत दोरा ओवत होती आणि दोरा जात नव्हता.

"होत्या," तो म्हणाला. "तो तुकडा... टाकून दिलात का?"

"कापलाय. पण ठेवलाय. पाठवू?"

दोन सेकंदांचा तुकडा होता. भोंगा आतल्या खोलीत गेला नाही. तिथेच, बायकोच्या समोर बसून त्याने चष्मा काढला, काळे हेडफोन नीट कानावर बसवले आणि तो तुकडा लावला. मग आवाज पुरता वाढवून पुन्हा लावला. आणि पुन्हा.

तिने मान वर केली. तिचे ओठ हलताना दिसले तसा त्याने एक कान मोकळा केला.

"एवढं काय ऐकताय?" ती विचारत होती. हातभर अंतरावर बसून तिला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. जोडी तिने खरंच पारखून घेतली होती.

"काही नाही," भोंगा अगदी हळू आवाजात म्हणाला, आणि त्याने पुन्हा कान झाकला.