घड्याळ उठ म्हणतंय

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच — घरात मारोतीदादाचं नाव निघालं की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठतो. मग तुम्हाला का सांगून राहिलो? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असावं.

सुरुवात अगदी फालतू आहे. मी लातूरला एका कॉलेजात क्लार्क. पोट सुटलं म्हणून जिम लावली. तिथल्या ट्रेनरनं महिनाभराची स्पर्धा काढली — स्मार्ट घड्याळ बांधून वजनं उचलायची, किती कॅलरी जळाल्या तो आकडा रोज ग्रुपवर टाकायचा. पहिल्या आठवड्यात मी शेवटून पहिला. पोरं म्हणायची, "साहेब फाईली उचलूनच दमले वाटतं!" हसण्यावारी नेलं मी. पण झोंबलं. लई झोंबलं.

मारोतीदादा माझा चुलतभाऊ, सहा वर्षांनी मोठा. औशाहून सकाळच्या बसनं यायचा, मार्केट यार्डात हमाली करायचा. सोयाबीनचा सीझन होता, दिवसभर पोती. चहाच्या गाड्यावर त्याला स्पर्धेचं सांगितलं, तर हसून हसून ठसका लागला त्याला. "आरं, वझं उचलायचे तुमी पैशे देता व्हय? आन आमी येडे, घेतो!" मग आपणच मनगट पुढं केलं. "बांध मला. दाव तुझ्या पोरांला."

बांधलं. बटण कुठलं दाबायचं तेही शिकवलं. दुपारच्या दोन तासांचा त्याचा आकडा — संध्याकाळी घड्याळ परत घेऊन मी माझा म्हणून टाकायचो. माझं नाव वर सरकायला लागलं, ट्रेनर पाठ थोपटायला लागला. आणि दुसऱ्या आठवड्यात आकडा एकदम चढला. पोती तेवढीच, माणूस तोच, आकडा दीडपट! मला कळायला हवं होतं ना? ते घड्याळ पोती मोजत नाही, ठोके मोजतं. ठोके धावले की कॅलरी वाढल्या म्हणतं. मी मात्र खूश.

एका संध्याकाळी घड्याळ फोनला जोडलं, तर वर सूचना — बसलेले असताना हृदयाचे ठोके अनियमित, डॉक्टरांना दाखवा. मराठीतच होती. म्हणजे समजली नाही असंही म्हणता येत नाही.

घड्याळ बिघडलं असेल, असं पहिल्यांदा म्हटलं मी. दुसऱ्यांदा आली तेव्हा? तेव्हा मला माहीत होतं. दादाला सांगावं तर तो दवाखान्यात जाणार, पोती थांबणार — आणि स्पर्धेचे नऊ दिवस राहिलेले. बोट फिरवलं. सूचना गेली.

इथवर भित्रेपणा म्हणा हवं तर. पुढचं भित्रेपणात बसत नाही. तिसऱ्या वेळी दादानंच विचारलं. बारीक अक्षर त्याला दिसायचं नाही. "बसलो की हे मधीच थरथरतंय बग. काय म्हनून राहिलंय?"

मी म्हणालो — हसत म्हणालो — "लई वेळ बसलास की उठ म्हणतंय ते."

"आयला, मुकादमाच्या वर हाय की हे!"

त्यानंतर ते थरथरलं की उठायचा तो. डबा अर्धा टाकून उठायचा, पाठीवर पोतं घ्यायचा. सोबतच्या हमालांनी मला हे कौतुकानं सांगितलं. मी काय केलं? त्या दिवसाचा आकडा ग्रुपवर टाकला.

पहिला आलो. एक टी-शर्ट मिळाला, जिमच्या भिंतीवर फोटो लागला. चौथ्या दिवशी दादा यार्डात पोत्यासकट कोसळला. मेंदूत गुठळी. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, ठोके चुकत होते, त्यातूनच गुठळी झाली; हे आधी कधी कळलं होतं का? वहिनी माझ्याकडं बघायला लागली — शिकलेला मी एकटाच ना. मी मान हलवली. नाही म्हणालो. फोन खिशातच होता.

घड्याळ मला हातात धरवेना. फेकून द्यावं तर महागाचं. दादा घरी आला तेव्हा त्याच्याच डाव्या मनगटावर बांधून टाकलं. "भाऊजींचं मन मोठं हाय," वहिनी शेजारणीला म्हणाली. तेही ऐकून घेतलं मी.

परवा रविवारी औशाला गेलो होतो. दादा खाटेवर टेकून बसलेला, मी समोर खुर्चीत. घड्याळ थरथरलं. त्यानं डावा हात खाटेच्या कडेला रोवला आणि सगळं अंग पुढं रेटलं. उजवा पाय जागचा हलेना. मान ताणली, घाम फुटला, तोंडातून लाळ आली — तरी रेटतच होता. वहिनी चुलीपुढून धावत आली, त्याला धरून मागं टेकवलं.

"रोजचंच हाय हे," पदरानं त्याचं तोंड पुसत ती म्हणाली. "थरथरलं की उठाया बगतेत. तुमच्या घड्याळानंच हिंमत धरून हायेत बगा, भाऊजी."

दादा माझ्याकडं बघून अर्ध्या तोंडानं हसला.

मी म्हणालो, "हाव, वहिनी." आणि तिनं दिलेला चहा प्यालो.