अठ्ठावीस सह्या

प्रयोगशाळेत कुठंही दार आपटलं की बुरुलचा एजेचा चेहरा उतरायचा. बुरुलचा तिचं नाव, आणि एजे म्हणजे थोरली बहीण. आम्ही सगळे तिला तेच म्हणायचो. मागच्या खोलीच्या चौकटीला तिनं नमद्याची जाड लोकरी पट्टी लावली होती, तीही पिठाच्या खळीनं चिकटवून. बॉयलर सांभाळणारा म्हातारा कचकिन एकदा हातोडी आणि चुका घेऊन मदतीला गेला, तर ती त्याच्या अंगावर धावून आली.

"आत बाळ निजलंय का गं?" कचकिननं विचारलं.

"हो, निजलंय. जा तुम्ही."

त्या दिवसापासून ती 'बाळाची खोली' झाली. बोळातून कोणी बूट वाजवत निघालं की कचकिन ओठांवर बोट ठेवायचा आणि आम्ही हसायचो. बुरुलचा कधी हसली नाही.

मी तिथं नमुन्यांची आवक लिहायचो. मेंढ्यांचं रक्त, गाभडलेल्या गाईची वार, घोड्याच्या काळजाचा तुकडा. डोंगरातल्या कुरणांवरून जे येईल ते वहीत चढवायचं आणि आत पाठवायचं. जनावरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा होती ती, नारिनच्या खोऱ्यात. एकमजली इमारत, पुढं अंगण, अंगणाच्या टोकाला पॉप्लरच्या झाडांची रांग.

बुरुलचा तिथं पंचाहत्तर साली लागली, तेवीस वर्षांची असताना. बाप मेंढपाळ. तिनं राजधानीत दोन वर्षं राहून रसायनांची पदविका आणली होती. रसायनांचं कपाट तेव्हा वालेंतिना येगोरोवना नावाच्या रशियन बाईच्या ताब्यात होतं. तिनं पहिल्याच आठवड्यात या पोरीला मागच्या खोलीत नेलं आणि वरच्या फळीवरची तपकिरी काचेची बरणी दाखवली. आत पाणी, आणि पाण्याखाली पिवळीजर्द पूड. पिक्रिक आम्ल. मांसाचे नमुने टिकवायला ते लागायचं.

"पूर्वी हेच तोफगोळ्यांत भरायचे," वालेंतिना म्हणाली. "पाण्याखाली आहे तोवर भिऊ नकोस. पण वाळलं, त्याचा एखादा कण झाकणाच्या आट्यांत अडकला आणि तू झाकण फिरवलंस, तर तुझ्या आईकडं काय पाठवायचं ते मला ठाऊक नाही."

म्हणून नियम होता. दर वसंतात आणि दर शरदात बरणी उघडायची, पुडीवर बोटभर पाणी आहे ना पाहायचं, कमी असेल तर घालायचं, आटे ओल्या फडक्यानं पुसायचे, वहीत तारीख घालून सही करायची. बुरुलचानं हे अठरा वर्षं केलं. तिचा फोटो दर्शनी भिंतीवर लागला होता, चांगल्या कामगारांच्या ओळीत. घातक काम म्हणून सरकारकडून रोज अर्धा लिटर दूध मिळायचं. दुधानं अंगातलं विष उतरतं असं सगळे मानायचे, आणि ते प्यालं की आज आपण सुखरूप आहोत असं वाटायचं.

मग रशियाबरोबरचा तो मोठा देशच राहिला नाही, फुटला. दूध थांबलं, पगार थांबला, वालेंतिना किल्ल्या बुरुलचाच्या हातात देऊन रशियात निघून गेली. त्र्याण्णवच्या हिवाळ्यात इमारत तापवायला कोळसा नव्हता. बाटल्यांतली द्रावणं गोठून काचा फुटल्या. चौऱ्याण्णवच्या वसंतात बुरुलचानं बरणी उघडली तेव्हा थंडीनं बधिरलेल्या तिच्या बोटांना झाकण कळत नव्हतं. पाणी ओतताना थोडा पिवळा लगदा तोंडाशी आला. गावाकडं जाणारा ट्रक बाहेर हॉर्न वाजवत होता. तिनं झाकण फिरवलं आणि पळाली. आटे पुसायचे राहिले.

शरदात तिनं पुन्हा कपाट उघडलं. हिवाळ्यातच झाकणाला केसाएवढा तडा गेला असावा; तो तिला आता दिसला. बरणीत पाणी नव्हतं. पूड भेगाळलेल्या चिखलासारखी दिसत होती, आणि झाकणाच्या कडेखालून रव्यासारखे बारीक पिवळे दाणे चमकत होते.

ती किती वेळ उभी होती ते तिला आठवत नाही. तेव्हाच्या साहेबानं त्याच महिन्यात दोन बायकांना कामावरून काढलं होतं, त्यातल्या एकीला यंत्र मोडलं म्हणून. बुरुलचानं कपाट मिटलं. साहेबांना उद्या सांगू असं ठरवलं. आणि वहीत लिहिलं: पाणी घातले. खाली सही.

उद्या तिनं सांगितलं नाही. पुढच्या वसंतात सही करताना तिच्या लक्षात आलं की आता एक नव्हे, दोन खोट्या नोंदी कबूल कराव्या लागतील. असं चौदा वर्षं चाललं. ती बरणी वाट पाहायला शिकली आहे असं तिला वाटायचं. घरी नवऱ्यानं सुरी पाटावर टाकली तरी ती दचकायची. आमच्याकडं जमीन हलायची, सगळ्याच खोऱ्यात हलते. कपबशा किणकिणल्या की आम्ही चहा सावरायचो, आणि बुरुलचा कोट न घेता बर्फात धावत पॉप्लरच्या पलीकडं जाऊन उभी राहायची. आम्ही तिला भित्री म्हणायचो. आत परतली की ती पहिल्यांदा मागच्या खोलीच्या दाराला कान लावायची.

दोन हजार आठच्या सप्टेंबरात नवे साहेब आले, शारबेक असानोविच. बाहेरच्या पैशातून एक नवं यंत्र मिळणार होतं आणि पुढच्या गुरुवारी पाहणीला माणसं येणार होती. साहेबांनी शनिवारची सफाई ठरवली. जुनी रीत आहे ती: सगळ्यांनी झाडायचं, पुसायचं, मग अंगणात मोठ्या कढईत पुलाव.

"मागची खोली जिपार करेल," साहेब म्हणाले. "एजे, किल्ली द्या तिला."

"किल्ली माझ्या नवऱ्याच्या कोटात राहिली," बुरुलचा म्हणाली. "आणि कोट घेऊन तो दोन खिंडी पलीकडं गेलाय."

"नवरा हरवला तरी चालेल, किल्ली शोधा," साहेब म्हणाले आणि सगळे हसले.

जिपार सत्तावीस वर्षांची होती, वर्षभरापूर्वीच आलेली. नीट काम करणारी पोरगी. हातमोजे घातल्याशिवाय ती मिठाच्या डब्यालाही हात लावायची नाही, कचकिन तिला चिडवायचा, "नवऱ्याचा हातसुद्धा मोज्यातूनच धरशील." आधी वाचायचं, मग हात लावायचा, असा तिचा शिरस्ता.

शनिवारी सकाळी बुरुलचा सगळ्यांच्या आधी आली. साहेबांना सांगायचं, असं तिनं या वेळी खरंच ठरवलं होतं. पण साहेब पुलावाचं मटण आणायला बाजारात गेले होते. ती फाटकाशी उभी राहून त्यांची वाट पाहू लागली. बाकीचे आत गेले, मीही गेलो. पंधरा मिनिटं झाली असतील. इमारतीच्या मागून एक आवाज येत होता, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा. तो काय आहे ते तिला कळलं तेव्हा तो थांबला होता. कचकिननं करवतीनं कुलूप कापलं होतं.

ती धावली नाही. धावलं तर जमीन हादरेल असं तिला वाटलं. बोळातून ती भिंतीला हात लावत, पाय सपाट टेकवत गेली. मी तिच्या मागं होतो, तिच्या चेहऱ्यामुळं.

जिपार मेजाशी उभी होती. डोळ्यांवर चष्मा, हातांत मोजे, शेजारी नोंदवही उघडी. बरणी मेजावर, आणि तिचा उजवा हात झाकणावर.

"बरं झालं आलात, एजे. हे बघा, मी आधी वाचलं. एप्रिलमध्ये पाणी घातलंय ना तुम्ही? मग उघडून थोडं अजून घालते आणि पेटीत ठेवते. किती घट्ट लावता हो झाकण!"

"जिपार, हात काढ."

"काय?"

"झाकणावरचा हात काढ. बरणी हलवू नकोस. नुसता हात उचल."

जिपार हसली. "नाही उठवत तुमच्या बाळाला. एजे, मला शिकवलंय हे. ओलं असलं की काही होत नाही. आणि तुम्हीच तर लिहिलंय इथं."

"ते खोटं आहे."

"काय खोटं आहे?"

"एप्रिलचं. त्याच्या आधीचं. सगळं. चौदा वर्षांत ती बरणी मी उघडलेली नाही."

जिपारनं वहीकडं पाहिलं. मग बरणीकडं, पहिल्यांदाच वाकून, झाकणाच्या कडेखाली. तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढून टाकायला विसरल्यासारखं. हात झाकणावर होता आणि आता तो उचलायचा कसा हेच तिला कळेना.

"एजे," ती म्हणाली, "मोजा चिकटलाय का बघा. मला कळत नाहीये."

"चिकटलेला नाही. माझ्याकडं बघ. अंगठा सोड. हां. आता शेवटचं बोट. घाई नको. त्याच्या शेजारचं."

मी दारात होतो. त्या खोलीत माझा श्वास फार मोठा वाजत होता. जिपारची बोटं एकेक करून सुटली. पाचवं सुटल्यावरही तिचा हात हवेत तसाच राहिला, झाकणाएवढी पोकळी धरून. बुरुलचानं तिला कोपराला धरून मागं ओढलं, आणि आम्ही तिघं, लहान मूल निजवून निघावं तसे, पावलं न वाजवता बाहेर आलो.

अंगणात साहेब मटणाची पिशवी घेऊन उभे होते. बुरुलचानं तिथंच, सगळ्यांसमोर सांगितलं. साहेबांनी पिशवी खाली ठेवली.

"गुरुवारी माणसं येतायत, एजे. चौदा वर्षं थांबलात, आणखी पाच दिवस थांबवत नाही? खोलीला कुलूप घालू."

"कुलूप कापलंय," कचकिन म्हणाला. "आणा इकडं, मी नेतो तिला. बादलीत वाळू घालतो, हळूहळू चालतो, नदीत सोडून येतो. माझं काय जायचंय, दातसुद्धा माझे नाहीत."

"बाइके, तुमचे हात थरथरतात," बुरुलचा म्हणाली. बाइके म्हणजे थोरला भाऊ.

"आणि तुझे? सही मात्र कशी सुरेख आली गं दर वर्षी!"

बुरुलचा जाऊन इमारतीच्या दारात उभी राहिली. तिला ढकलून आत जायची कोणाची छाती झाली नाही. खरं सांगायचं तर आत जायचीच कोणाची छाती नव्हती.

फोन जिपारनं लावला, आपत्ती खात्याला, साहेबांना न विचारता. पलीकडच्या माणसानं काहीतरी विचारलं. जिपारनं फोन कानावरून काढून बुरुलचापुढं धरला.

"शेवटची कधी उघडली, विचारतायत."

"फोनवर असलं काही बोलू नका!" साहेब ओरडले. "लेखी द्या, मी बघतो!"

"चौऱ्याण्णवचा वसंत," बुरुलचा फोनमध्ये म्हणाली. "मी स्वतः. आटे पुसले नव्हते. हो, कण दिसतायत. हो, नोंद आहे. नाही. नोंद खोटी आहे."

दुपारी तीन माणसं आली, जाड कपडे घातलेली. त्यांनी आम्हाला पॉप्लरच्या पलीकडं नेलं. कढईखालचा जाळही विझवायला लावला. त्यातल्या वयस्कर अधिकाऱ्यानं बुरुलचाला बाजूला घेऊन विचारलं: झाकण उजवीकडं बसतं की डावीकडं, तडा कोणत्या बाजूला, मेज डुगडुगतं का. तिनं सगळं सांगितलं. तिला त्या खोलीतली इंचन् इंच पाठ होता. ते आत गेले आणि बाहेर आले तेव्हा दोघांच्या मध्ये लाकडी पेटी होती आणि ते एका पावलाला एक श्वास घेत चालत होते. गाडी खडीच्या खाणीकडं गेली, बैलगाडीच्या चालीनं.

चारच्या सुमाराला त्यांनी खाणीत बरणी उडवली, तो आवाज झाला. मला वाटलं होतं त्याहून कोरडा, आखूड. पॉप्लरवरचे कावळे एकदम उठले आणि आमच्या छातीला काहीतरी लागून गेलं. जिपार होती तिथंच जमिनीवर बसली. तिनं हातमोजे अजून काढले नव्हते. ती आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिली, आणि बुरुलचा तिच्या दिशेनं एक पाऊल आली तेव्हा तिनं मान फिरवली.

अधिकारी परत आला. त्याच्या कपाळावर घामाची रेघ होती.

"आत आणखी काय काय आहे?"

"वहीत सगळं आहे," साहेब चटकन म्हणाले. "दोनशे बारा नग, सगळ्यांची तपासणी झालेली, सह्या आहेत."

सगळे साहेबांकडं बघू लागले. साहेबांनाही मग ऐकू आलं, आपण काय बोललो ते. ती वही आता आम्हाला त्या बरणीसारखीच वाटत होती. तिला हात कोण लावणार?

शेवटी जिपार उठली. वही तिनं खोलीतून निघताना काखेत मारली होती. ती बुरुलचासमोर बाकावर बसली आणि पहिलं पान उघडलं. तिचा आवाज सपाट होता.

"फॉर्मलिन, चार बाटल्या. खरं?"

"खरं."

"गंधकाम्ल. झाकणं बदलली, दोन हजार तीन."

"खरं. मी बदलली."

"पारा, एक किलो, सीलबंद."

"एक किलो नाही. थोडा सांडला होता, सत्त्याण्णवला."

"कुठं?"

"जमिनीच्या फळ्यांखाली. तुझ्या मेजाच्या इथं."

जिपारनं पेन्सिलीनं खूण केली. मग ती पुढं वाचत गेली. खरं, खरं, खोटं, खरं. काही नावांना बुरुलचा 'आठवत नाही' म्हणायची, आणि ते खोट्याहून वाईट वाटायचं. अधिकारी मागं उभा राहून ऐकत होता. एकदाही कोणी तिला रागावलं नाही. तिनं रागावण्याची वाट पाहिली असावी.

"ईथर," जिपारनं वाचलं. "दोन बाटल्या. दर सहा महिन्यांनी उघडून तपासल्या. सही तुमची."

पडून जुनं झालेलं ईथरही त्या पुडीसारखंच फुटतं. बुरुलचानं डोळे मिटले. त्या बंद डोळ्यांआड ती कपाटाच्या फळ्या मोजत असावी, कारण तिचे ओठ हलत होते.

"एक मिळेल," ती म्हणाली. "दुसरी कुठं आहे, मला माहीत नाही."

अधिकाऱ्यानं आमच्याकडं न पाहता हातानं खूण केली, आणि आम्ही सगळे आणखी मागं सरकलो.