युरेनियमचं उत्तर उद्यावर ठेवलं

बायको गेल्यापासून या घरात माझा आवाज निघतो तो फक्त फोनवर. त्यामुळे पुण्याहून बारावीतल्या नातीचा फोन आला आणि तिने विचारलं, की आजोबा, अणूच्या केंद्रकातून एवढी ऊर्जा येते तरी कुठून, तेव्हा मी चहा गॅसवरून उतरवला आणि ऐसपैस बसलो. नंदुरबारात जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं. आपणहून कुणी विचारायची ही पहिलीच वेळ असावी.

तिला म्हटलं, दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन सुटे तोल, मग त्यांचंच बनलेलं हेलियमचं केंद्रक तोल. केंद्रक हलकं भरतं. हे वर्गात सांगितलं की आमची पोरं दरवर्षी एकच कारण द्यायची, "सर, पानी उडी गयं." मिरची वाळवायच्या मोकळ्या पटांगणात, पथारीवर, ओली मिरची पसरायची आणि वाळून हलकी झाली की उचलायची, यात वाढलेली पोरं ती. वजन घटलं म्हणजे पाणीच गेलं असणार! नात खूप हसली. मीही तिला हसू दिलं, मला कुठे गाडी पकडायची होती? मग सांगितलं, की इथे काहीच उडालेलं नाही, कण तेवढेच आहेत. घट्ट बांधले जाताना त्यांनी ऊर्जा बाहेर टाकली, तेवढं वस्तुमान घटलं. घट चिमूटभरच, पण तिला प्रकाशाच्या वेगाच्या वर्गाने गुणायचं, म्हणून ऊर्जा प्रचंड.

"मग युरेनियम फुटल्यावर कशी मिळते? तिथे तर तुटतंय."

पोरगी हुशार. उत्तर माझ्या ओठांवर होतं: युरेनियमचं केंद्रक अवाढव्य, त्याची बांधणी त्या मानाने सैल, फुटून होणारे मध्यम तुकडे जास्त घट्ट, म्हणून सगळे मिळून हलके. पण मी म्हणालो, ते उद्या. उद्याही फोन यावा, एवढाच त्यात डाव होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून आकृती काढून बसलो. फोन आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी मीच लावला.

"ते कळलं मला, आजोबा. व्हिडिओ पाहिला लगेच. तुम्ही जेवलात ना?"

हो म्हणालो. अजून काही अडलं तर विचार, असंही म्हणालो. विचारते म्हणाली, तिला क्लासला निघायचं होतं.

पोरांचं अडू नये म्हणून जन्मभर घसा कोरडा केला. आता देवापुढे हात जोडले की मनात येतं, तिचं काहीतरी अडू दे.