पट्टीमागच्या तारखा

डिग्रीचं प्रमाणपत्र शोधताना फाइलीतून गोळ्यांची रिकामी पट्टी खाली पडली आणि तिच्यामागे बॉलपेनने लिहिलेल्या तारखा, माझं नववीतलं अक्षर, पाहून बदलापूर गावातली आतेभावाची हळद आठवली. तेव्हा बाबांची दारू कमी व्हावी म्हणून आमच्या शहरातल्या कॅम्प चार भागातल्या डॉक्टरांनी त्या गोळ्या दिल्या होत्या. एकदम बंद करू नका, रोज गोळी घ्या, ओढ हळूहळू कमी होईल, असं ते म्हणाले होते. घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच, म्हणून गोळी देऊन तारीख लिहिणं माझ्याकडे होतं. बाहेर कुणाला हे ठाऊक नव्हतं. आमच्याकडे हळदीत मात्र दारूचा पहिला ग्लास नवरदेवाच्या मामाचा, म्हणजे बाबांचाच मान, आणि याआधीच्या प्रत्येक हळदीतून त्यांना उचलून घरी आणावं लागलं होतं. मांडवात ओल्या हळदीचा आणि तळलेल्या बोंबलांचा वास भरला होता. बाबांनी अर्धा ग्लास घेतला आणि उरलेला खाली ठेवला. “काय रं दादा, पुरा कर ना! वहिनीला घाबरतोस काय?” चुलतकाका ओरडले, तसे सगळे हसले. “तिला नाय, पोरीला,” बाबा मोठ्याने म्हणाले. “दारू कमी करायची गोळी चालू हाय माझी. ती तारीख लिहून ठेवते.” लाजेने मी मान खाली घातली. जेवणं झाल्यावर काका मात्र माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, “बाय, त्या डॉक्टरचा पत्ता लिहून दे.” लग्नपत्रिकेच्या मागे मी तो ठळक अक्षरात लिहिला, तेव्हा पलीकडून बाबा माझ्याकडेच बघत होते. आज पट्टी उचलून मी ती पुन्हा फाइलीत, प्रमाणपत्राशेजारी जपून ठेवली.