डाव्या हाताचं पिस्तूल

मी आदिलाबादला मराठी शाळेत शिकवते. तीन वर्षांपूर्वी मुलींना नेमबाजी शिकायला घेऊन जायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मुली दोन महिन्यांत कंटाळल्या, मी मात्र तिथंच राहिले. रेंज म्हणजे कापसाचं एक जुनं गोदाम. त्याला लागूनच कापसातली सरकी काढायचं जिनिंग चालतं. शिकवणारे सर फौजेतून निवृत्त झालेले, तेलुगू घरातले. माझ्याशी हिंदीत बोलायचे. पुढं मी स्वतःचं हवेवर चालणारं पिस्तूल घेतलं आणि डावखुरी असल्यामुळं डाव्या हाताची मूठ मागवली. त्या मुठीत उजवा हात बसतच नाही. रेंजवर दुसरं कोणी डावखुरं नव्हतं, म्हणून माझं पिस्तूल माझ्याखेरीज कधी कोणी चालवलं नाही.

या पिस्तुलाचा ट्रिगर दोन टप्प्यांत दाबायचा असतो. पहिल्या टप्प्यात बोट सैल मागं येतं. मग एक बारीकसा अडथळा लागतो. तिथं थांबायचं, नेम स्थिर करायचा आणि इतकं हळू दाबायचं की छर्रा कधी सुटला ते आपल्यालाही कळू नये. दिवाळीनंतर मला तो अडथळा लागेनासा झाला. बोट मागं घ्यायला लागले की छर्रा सुटलेला असायचा. कागदावर काळ्या गोलाच्या बाहेर, कधी वर तर कधी डावीकडं भोक.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "मॅडम, आपकी उंगली झटका दे रही है."

"सर, दुसरा टप्पा लगताच नहीं."

"हथियार को दोष मत दीजिए. सब नए लोग यही बोलते हैं."

मी तीन वर्षं जुनी होते. पण मलाही वाटलं, असेल. मास्तरणीला दुसऱ्याची चूक दाखवायची सवय, आपली दिसत नाही.

तरी घरी नोंदींची वही सुरू केली. आधी छर्रे बदलले. मग हवेची नळी बदलली. मग पुस्तिका उघडून ट्रिगरचे स्क्रू पाव-पाव फेरा फिरवले आणि प्रत्येक फेरा वहीत लिहिला. काहीही केलं की एक दिवस बरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुपारी घरी छर्रा न घालता नुसता ट्रिगर दाबून पाहायचे तेव्हा अडथळा अगदी स्वच्छ लागायचा. सकाळी सहाला थंडीत कुडकुडत रेंजवर जावं, तर गायब. एका सकाळी दहातले सात असेच गेले. मी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. शाळेची वेळ झाली तेव्हाच उठले. त्या दिवशी वर्गात शुद्धलेखनावरून एका पोरीवर उगाच ओरडले. त्याची लाज अजून वाटते.

हैदराबादच्या स्पर्धेत मी नाव दिलं होतं, तिला सहा दिवस उरले होते. तिथं ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन लावून पाहतात. पिस्तूल सरळ उभं धरून वजन उचललं तर ट्रिगर सुटता कामा नये. सरांनी माझ्या पिस्तुलाला वजन लावलं. पहिल्यांदा टिकलं, दुसऱ्यांदा खट्‌कन सुटलं.

"आपने स्क्रू घुमाए होंगे," सर म्हणाले.

माझा तोल गेला. "चार महिने से बोल रही हूँ सर! एक बार, सिर्फ एक बार आप चला के देखिए!"

"कैसे चलाऊँ? लेफ्ट हँड का है."

कॉलेजात शिकवणाऱ्या एका बाईंकडं त्याच जातीचं पिस्तूल होतं. मी त्यांची उजव्या हाताची मूठ मागून घेतली आणि सरांसमोर माझी खोलून ती बसवली. घाईत स्क्रू दोनदा खाली पडला. सरांनी पहिला छर्रा मारला, तो ठीक गेला. दुसऱ्याला हात अजून वरून नेमाकडं खाली येत होता तोच तो सुटला आणि कागदाच्या वर भिंतीचा गिलावा उडाला. त्यांनी आणखी तीन मारले.

"ये तो अपने आप छूट रहा है," ते म्हणाले. "कंपनी को भेज दीजिए."

बस, एवढंच. चार महिन्यांबद्दल एक शब्द नाही. आणि कंपनीकडं पाठवलं तर परत यायला महिना.

घरी येऊन पिस्तूल आदळायचंच बाकी ठेवलं होतं. माझे सासरे भैंशाच्या एका जिनात, म्हणजे जिनिंगच्या कारखान्यात, फिटर होते. दोन वर्षांत त्यांनी या पिस्तुलाला हात लावला नव्हता. त्या दुपारी मी रडवेली होऊन सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "आन इकडं."

हवेची नळी मी आधी काढून ठेवली. त्यांनी अंगणात पेपर पसरला, भिंग डोळ्याला लावलं आणि मला पुस्तिकेतलं चित्र समोर धरायला लावलं. कव्हर निघाल्यावर बराच वेळ नुसतं पाहत राहिले.

"काय घालतं वं यात?"

"तेल. दर रविवारी. शिलाई मशीनचं."

त्यांनी आगकाडीच्या टोकानं आतून राखाडी रंगाचा चिकट गोळा काढला. "हे पाह्य. तेलानं कापसाचा तंतू धरला. सकायी थंडीत थिजते, मंग खटका अर्धाच बसून राह्यला. अर्धा बसला का सुटनारच. जिनात आमी हेच साफ करत होतो जनमभर."

"मग मामाजी, आधी काऊन नाही सांगितलं?"

"तू इचारलं काऊन नाही?"

दर रविवारी मायेनं तेल घालून रोग मीच लावला होता. त्यांनी कापडाला थोडं पेट्रोल लावून एकेक भाग पुसला. मी वहीतले सगळे पाव फेरे उलटे मोजत स्क्रू जागेवर आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी रेंजवर अडथळा लागला. बोट थांबायला हवं तिथं थांबलं.

हैदराबादला वजन तिन्ही वेळा टिकलं. आता गोष्ट सुखात संपायला हवी होती. पण मी उभी राहिले आणि माझं बोट त्या अडथळ्यावर विश्वासच ठेवेना. आपोआप सुटण्याआधी आपणच सोडून टाकावं, अशी सवय त्याला चार महिन्यांत लागली होती. झटका, झटका, पुन्हा झटका. दिवाळीआधीपेक्षा कमी गुण पडले. पुढच्या फेरीत नाव आलं नाही.

सर मागं उभे होते. "अब तो सचमुच उंगली है, मॅडम," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच जास्त लागलं. परतीच्या गाडीत मी त्यांच्या शेजारी बसले नाही.

आता उन्हाळा लागलाय. सरांनी मला काळा गोल नसलेला कोरा पांढरा कागद लावून दिलाय. नेम धरायचाच नाही, फक्त बोट मागं घ्यायचं. रोज सकाळी साठ छर्रे. सर बाजूला खुर्ची टाकून बसतात. साठातले वीस अजून झटक्यानंच जातात. परवा बावीस गेले.