पोट म्हणजे पाया

कोणतीही शंका विचारली की सर टी-शर्ट वर करत. पोटावरच्या सहा वड्या हेच त्यांचं उत्तर. वर्तकनगरला हार्डवेअरच्या दुकानावर त्यांची जिम होती आणि मी तिथे वेटलिफ्टिंग शिकायला जायचे. शिकायला कसली, त्या वड्या बघायला. या माणसाचं सगळं ज्ञान बेंबीच्या आसपास साठलेलं. त्याच्या वर काही पोचलंच नव्हतं.

वॉर्मअपचा त्यांना मनापासून तिटकारा. "जिना चढून आलीस ना? चहा घेतलेलास ना? झालं वॉर्मअप!" नवा आलेला बँकेतला कारकून असो की कॉलेजातली पोरगी, खांदे फिरवायचे नाहीत, रिकामा बार हातात घ्यायचा नाही. थेट आडवं व्हायचं आणि दोनशे सिट-अप्स. ज्याची मान अवघडली त्याला दोनशे, ज्याची कंबर धरली त्याला वर पन्नास. "पोट म्हणजे पाया" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. आधी पाया खणून काढायचा आणि मग त्यावर मजले चढवायचे, असलं ते बांधकाम.

एकदा मी धीर करून म्हटलं, "सर, पोटाचं शेवटी घेतलं तर? आणि नवीन लोकांना नुसतं कोपरांवर अंग ताठ धरायचं, प्लँक?"

"प्लँक? ते झोपायचं निमित्त आहे गं," म्हणाले, आणि टी-शर्ट वर गेला.

निवड चाचणी कल्याणला होती. ज्युनिअर गटातलं माझं शेवटचं वर्ष. राज्य स्पर्धेला गेले तर आत्ताच, नाहीतर संपलं. बाकीच्या मुली रिकाम्या बारने अंग मोकळं करत होत्या. सरांनी मला कोपऱ्यात सतरंजीवर घातलं. "ह्या बघ, टाइमपास करतायत. तू आज तीनशे मार." मीही शहाणी, मारले. लगेच माझं नाव पुकारलं. जिममध्ये सहज उचललेलं वजन डोक्यावर गेलं की कंबर लटपटे. तिन्ही प्रयत्न गेले. परतताना बसमध्ये सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मुलींचं पोट कच्चंच असतं." मी त्यांच्या जिममध्ये पुन्हा गेले नाही.

आता डोंबिवलीत मी स्वतः नवशिक्यांना शिकवते. आधी दहा मिनिटं अंग गरम करायचं, मग रिकामा बार, मग वजन. पोट शेवटी, आणि तेही ज्याला जे झेपेल ते. ही सगळी सरांचीच देणगी. ते करत त्याच्या बरोब्बर उलट करायचं. इतका उपयोगी गुरू मिळायला नशीब लागतं.

गेल्या महिन्यात ते दारात उभे. कंबरेला कंबरदुखीचा पट्टा, बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! सोबत त्यांची सतरा वर्षांची मुलगी.

"हिची निवड चाचणी आहे. तू शिकव हिला."

"तुमची जिम आहे ना, सर?"

मुलगी बूट काढायला बाजूला गेली तेव्हा ते हळूच म्हणाले, "तुझे तिन्ही माझ्यामुळे गेले. मला तिथेच कळलेलं. हिचे नको जायला."

तिथेच कळलं होतं. म्हणजे बसमध्ये ते वाक्य बोलले तेव्हाही माहीत होतं. अडाणी माणूस म्हणून मी त्यांना कधीच माफ करून टाकलं होतं. ती माफी मी उभ्या उभ्या परत घेतली. मुलीला आत घेतलं आणि त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं.