टँकर, जिल्हा आणि कांबळे सरांचे ग्रह

छापलेली बातमी रद्दीत जाते, पण ती छापताना झालेली भांडणं कुठंच जात नाहीत. लातूरच्या आमच्या पेपरच्या ऑफिसात दुष्काळाच्या साली अशी बरीच साठली. त्यातली निम्मी कांबळे सरांच्या सदरापायी!

सर आता राहिले नाहीत. अहमदपूरला फिजिक्स शिकवायचे. दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह, तिथं जीवसृष्टी असेल का, यावर आमच्याकडं दर रविवारी लिहायचे. संपादकांना ते सदर नकोच होतं. "लोकायला प्यायला पाणी न्हाई अन् तुमी ग्रह छापून राहिले!" मी म्हणायचो, साहेब, तेही पाणीच शोधून राहिलेत.

*

त्या उन्हाळ्यात डेस्कवरच्या उपसंपादकांना सवयच लागली होती. पाण्याची कुठलीही बातमी आली की शेवटी ठरलेलं वाक्य जोडायचं. सरांनी एका ग्रहाच्या वातावरणात वाफेच्या खुणा दिसल्याचं लिहिलं. रविवारी छापून आलं, 'तेथे तातडीने टँकर सुरू करावा, अशी मागणी नागरिकांनी केली आहे.'

सोमवारी तहसीलमधून फोन. हे गाव कोणत्या तालुक्यात येतं?

सर चिडले असतील म्हणून मीच माफी मागायला गेलो. ते शांतपणे म्हणाले, "नागरिक सापडले होते, तर मला आधी कळवायचं ना."

*

मुखेडकडच्या एका गावात सरांचं भाषण ठेवलं होतं. पाण्याची खूण दिसली तरच तिथं कुणी असेल असं आम्ही धरतो, असं ते सांगत होते. टँकरच्या रांगेतून उठून आलेल्या गयाबाई मध्येच बोलल्या, "मग तिकडून कुणी आमच्या गावाकडं बघितलं, तर म्हणंल, हितं कुणीच ऱ्हात न्हाई."

सरांनी ते तिथंच वहीत उतरवून घेतलं. त्यांनी तेवढ्या वाक्यावर लेख लिहिला. संपादकांनी लेख बाजूला ठेवला, वर सदरही बंद केलं. मी केबिनमध्ये जाऊन टेबल बडवलं. पाऊस पडू द्या, पुन्हा सुरू करू, एवढंच पदरात पडलं.

*

पाऊस पडला. त्याच सुमारास सूर्याच्या सगळ्यांत जवळच्या ताऱ्याभोवती एक ग्रह सापडल्याची बातमी आली. सरांचा फोन आला. लेख तयार होता, आवाजातला आनंद लपत नव्हता.

मी केबिनमध्ये गेलो. टेबलावर लातूर तोडून व्हायच्या नव्या जिल्ह्याचा नकाशा पसरलेला. मागणी जुनीच, त्या साली पुन्हा पेटली होती. मुख्यालय कुठं व्हावं यावरच्या भांडणानं रविवारचं पान भरलं होतं. संपादक मान वर न करता म्हणाले, "जिल्हा होऊ द्या, मग बघू."

तेच मला सरांना सांगावं लागलं.

"त्या ताऱ्याचा उजेड इथं यायला चार वर्षं लागतात," ते म्हणाले. "तुमचा जिल्हा यायला किती लागतील?"